रस्त्यावरच मिटवलेले अपघात

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

हडपसरला गाडीतळाच्या पुढे माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, त्यांच्या हाताखाली मी शिकलो आणि आता तेच चालवतो. सायकलवाल्यांच्या अपघातांविषयी लिहायला मी काही तज्ज्ञ नाही, पण एक गोष्ट माझ्याइतकी जवळून फार थोड्या लोकांना दिसत असेल. जे अपघात पोलिसांच्या कागदावर येत नाहीत ते माझ्या दुकानात येतात.

सायकलला मार कुठून बसला हे मालकाने तोंड उघडायच्या आधी कळतं. पुढचं चाक धरून ठेवणारा चिमटा मागे, पायडलच्या बाजूला वाकलेला असेल तर सायकल समोर कशावर तरी आदळली आहे. उघडलेलं दार असेल किंवा आडवी आलेली गाडी. मागच्या चाकाचा आठ झाला असेल आणि मडगार्ड टायरवर दाबलं गेलं असेल तर गाडी मागून आली. हँडल एका बाजूला फिरलंय, उजवी मूठ फाटलीय, बाकी सगळं धड आहे, म्हणजे आरसा किंवा टेम्पोचा हौदा घासून गेला. वडील होते तोवर चिमटा वाकायचा तो बहुतेक वेळा खड्ड्याने. खड्डे आजही आहेत, पण माझ्या दुकानात आता मोडकी सायकल येते ती बहुतेक गाडीचा मार खाऊन.

आणि या सायकली कुणाच्या? पहाटे टोळीने निघणाऱ्या, हेल्मेट घातलेल्या हौशी मंडळींच्या फार थोड्या. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण त्यांची दुकानं वेगळी. माझ्याकडे येतात ते सोसायट्यांचे वॉचमन, माळी, रामटेकडीच्या कारखान्यांतले कामगार, पेपर टाकणारी पोरं, घरोघर स्वयंपाकाला जाणाऱ्या बायका. यांना सायकल चालवायची की नाही हा पर्यायच नसतो. बसचे रोजचे पैसे वाचतात आणि रात्रपाळी सुटते तेव्हा बस मिळेलच असंही नसतं.

या पावसाळ्याच्या सुरुवातीला एक वॉचमन सायकल खांद्यावर घेऊन आले. लातूरकडचे, पन्नाशी उलटलेले. रात्रपाळी संपवून सकाळी मांजरी गावाकडे घरी निघाले होते. उड्डाणपुलावरून गाड्या खाली उतरतात तिथे मागून एका कारने चाकाला धडक दिली. कार पळून गेली नाही, हेही सांगायला हवं. चालवणारा तरुण खाली उतरला, त्याने ‘काका, लागलं का?’ म्हणून विचारलं, हात देऊन उठवलं, पाचशेची नोट हातात ठेवली आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणून निघून गेला. काका म्हणाले, ‘पोरगं चांगलं होतं, थांबलं तरी.’ रिम, तारा, टायर, ट्यूब, मडगार्ड आणि मजुरी धरून हिशोब तेराशेच्या घरात गेला. मी मजुरी सोडली, बाकीचं त्यांनी हप्त्याने दिलं.

सायकल न्यायला मात्र ते आले नाहीत, त्यांचा मुलगा आला. पडल्या दिवशी काही वाटलं नव्हतं, तिसऱ्या दिवशी गुडघा इतका सुजला की पाय टेकवेना. डॉक्टरांनी आधी एक्स-रे आणि मग एमआरआय सांगितला. आतली शीर ताणली गेली होती. तीन आठवडे कामावर नाहीत, आणि कंत्राटदाराकडे न आलेल्या दिवसाचा पगार नसतो. पाचशे रुपयांत तो अपघात रस्त्यावर मिटला होता. गाडीचा नंबर कुणी घेतला नव्हता. त्या तरुणाला आजही माहीत नसेल की त्याच्या धडकेने एका माणसाची महिन्याची कमाई गेली. तो वाईट माणूस होता असं मला अजिबात वाटत नाही. त्याला वाटलं, मिटलं.

मला पोटतिडकीने जे सांगायचंय ते या मिटवण्याबद्दल. आपल्याकडे सायकलवाल्याला धक्का लागला की बघ्यांतला कुणीतरी मोठा माणूस पुढे होतो, ‘जाऊ द्या साहेब, काहीतरी द्या त्याला आणि मिटवा’ म्हणतो, शंभरापासून पाचशेपर्यंत काहीतरी हातात पडतं आणि दोन मिनिटांत वाहतूक सुरू होते. सायकलवालाही ते घेतो, कारण त्याला हजेरी गाठायची असते, पोलिसांचं नाव काढलं की पोटात गोळा येतो, आणि गाडीवाल्याशी वाद घालायची त्याची टाप नसते. कितीतरी जण बाहेरगावचे, बाहेरच्या राज्यातले. त्यांना तर बोलायलाही जड जातं.

पण मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ काय सांगतं? अपघातात माणूस जखमी झाला तर चालकाने त्याच्या उपचाराची व्यवस्था करायची, आणि पोलीस जागेवर नसतील तर लवकरात लवकर, उशिरात उशिरा चोवीस तासांच्या आत जवळच्या ठाण्यात कळवायचं. विमा कंपनीलाही कळवायचं. नोट हातात ठेवल्याने ही जबाबदारी संपत नाही. हे मी एका वकील गिऱ्हाइकाकडून समजून घेतलं, आणि नंतर भेटेल त्या सायकलवाल्याला सांगत सुटलो. एकालाही ठाऊक नव्हतं. गाडीवाल्यांतही फार थोड्यांना ठाऊक असतं.

त्याहून मोठी गोष्ट विम्याची. प्रत्येक मोटारीला थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. सप्टेंबर २०१८ पासून तर नवी कार घेताना तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. गाडीने ज्याला इजा केली त्याच्या उपचाराचा, बुडालेल्या रोजगाराचा, अपंगत्व आलं तर त्याचाही मोबदला त्यातून मिळू शकतो. त्याच्या वस्तूचं नुकसानसुद्धा, खासगी कारच्या बाबतीत साडेसात लाखांपर्यंत. म्हणजे त्या तरुणाने ज्याचा हप्ता आधीच भरलेला होता, तेच वॉचमनकाकांना मिळू शकलं नाही. कारण कागद नाही. मोटार अपघातांच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात अर्ज करायचा तो सहा महिन्यांच्या आत, आणि त्यासाठी अपघात झाला होता हे दाखवावं लागतं. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर सरकारी भरपाई आहे: १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार. मे २०२५ पासून केंद्राची आणखी एक योजना आहे. मोटारीच्या अपघातात जखमी झालेल्या कुणावरही, योजनेतल्या रुग्णालयात, सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता होतात. इतकं सगळं कागदावर असताना माझ्या गिऱ्हाइकाच्या हातात पडते पाचशेची नोट.

तेराशे रुपयांच्या चाकासाठी कुणी कोर्टाची पायरी चढणार नाही, हे मलाही कळतं. तशी अपेक्षाही नाही. पण गाडीवाल्याने आपलं नाव आणि फोन नंबर द्यावा, सायकलवाल्याने गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढावा, दोघांनी मिळून दवाखान्यात जाऊन गुडघा दाखवावा आणि ठाण्यात दोन ओळींची का होईना नोंद करावी. मुका मार लगेच दुखत नाही. रात्री अंग थंड झालं की दुखतो.

नोंदीविषयी थोडं आणखी. धोक्याची ठिकाणं ठरतात कशी? राष्ट्रीय महामार्गांवर सुमारे पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते आणि तिथे दुरुस्ती सुचवली जाते. आमच्या दारातला सोलापूर रस्ता तसा महामार्गच. आता बघा, सुजलेला गुडघा यात बसत नाही. वाकलेला चिमटा बसत नाही. दोन बोटांच्या अंतराने हुकलेली धडक तर कुठेच बसत नाही. म्हणजे माणूस मेल्याशिवाय किंवा हाड मोडल्याशिवाय ती जागा सरकारच्या डोळ्यांना दिसतच नाही. आम्हाला मात्र ती जागा आधीच माहीत असते. पंक्चर काढेपर्यंत गिऱ्हाईक बाकड्यावर बसतं, चहा येतो आणि बोलणं निघतं. ‘आज त्या पेट्रोल पंपाच्या वळणावर गेलोच होतो बघा.’ पुढच्या आठवड्यात दुसरा कुणी तेच वळण सांगतो. मग तिसऱ्याची सायकलच येते.

ते वळणाचं प्रकरण सायकल न चालवणाऱ्यांना समजावून सांगायला हवं. कार सायकलच्या उजवीकडून पुढे जाते आणि लगेच डावीकडे पंपात किंवा सोसायटीच्या गेटात वळते. चालकाच्या मते तो पुढे गेलेला असतो. सायकलवाल्याच्या पुढ्यात मात्र अचानक भिंत उभी राहते. स्वयंपाकाला जाणाऱ्या एक ताई अशाच कारच्या मागच्या दारावर आदळल्या. हँडलला डब्यांची पिशवी होती, ती चाकात गेली. दात तुटला. गाडीवाल्या बाई घाबरून रडायला लागल्या आणि या ताईच त्यांची समजूत घालत बसल्या. हे मला त्यांनी हसत सांगितलं, तोंडावर पदर धरून. पाच सेकंद सायकलच्या मागे थांबून मग वळलं असतं तर काहीच झालं नसतं.

दाराचं तसंच. दुकानांसमोर कार लागते, आणि उजवीकडचं दार न बघता उघडतं. पेपर टाकणारा एक कॉलेजचा मुलगा दाराच्या कडेवर असा बसला की खांद्याचं हाड मोडलं. पण दारापेक्षा मला भीती वाटते ती पुढच्या क्षणाची, कारण दाराला धडकलेला सायकलवाला उजवीकडे पडतो, मागून येणाऱ्या गाडीपुढे. यावर इतका सोपा उपाय आहे की तो शिकवला कसा जात नाही याचं मला नवल वाटतं. उजवीकडचं दार डाव्या हाताने उघडायचं. डावा हात पलीकडे नेला की खांदा वळतो, मान वळते आणि नजर आपोआप मागच्या रस्त्यावर जाते. नेदरलँड्समध्ये हे गाडी शिकवतानाच शिकवतात. ब्रिटनने २०२२ मध्ये आपल्या वाहतूक नियमावलीत ते घातलं. आपल्याकडे लायसन्सच्या परीक्षेत एक प्रश्न याचा असावा, आणि मागे बसणाऱ्या मुलांना आईवडिलांनी शिकवावं. यात एक पैसा खर्च नाही.

आता थोडक्यात हुकलेल्या धडकांबद्दल. मी स्वतः फुरसुंगीहून दुकानात सायकलने येतो. मागून येणारी गाडी कोपराला वारा लावून गेली नाही असा आठवडा जात नाही. एकदा एसटी मागे आणि कार शेजारी असताना कारचा आरसा माझ्या मनगटाला लागला, आरसा मिटला, आणि हँडल हातातून सुटता सुटता राहिलं. आतल्या माणसाने काच खाली करून सांगितलं, ‘कडेने चालव ना!’ हे वाक्य प्रत्येक सायकलवाल्याने ऐकलेलं आहे, म्हणून त्याचं उत्तर इथे देतो. रस्त्याच्या अगदी कडेला वाळू असते, तिच्यावर चाक सरकतं. चेंबरची झाकणं असतात, रस्त्याच्या वर आलेली किंवा खाली गेलेली. उभ्या गाड्या असतात आणि त्यांची दारं असतात. भाजीच्या हातगाड्या, बसथांब्यावरची माणसं, कुत्री असतात. पावसात तर कडेच्या पाण्याखाली खड्डा आहे की रस्ता हे कळत नाही. त्यामुळे सायकलवाल्याला कडेपासून हात-दीड हात आत चालवावं लागतं आणि मधूनच थोडं उजवीकडे यावं लागतं. सायकल दोन चाकांवर उभी राहते तीच मुळी थोडी डावी-उजवी होत. ताशी पन्नासच्या वेगाने गाडी एका सेकंदात चौदा मीटर पुढे जाते. फोनकडे नुसतं बघितलं तरी एवढं अंतर गेलं.

माझा भाचा म्युनिकला नोकरीला आहे, तोही सायकलने जातो. त्याच्याकडून कळलं की तिथे सायकलच्या शेजारून जाताना गावात किमान दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडायचं, असं २०२० पासून कायद्यातच लिहिलंय. ब्रिटनच्या नियमावलीतही २०२२ पासून दीड मीटर आहे. आपले रस्ते अरुंद, हे मान्य. पण आकडा असला तर निदान मोजता येतं, शिकवता येतं, भांडता येतं. दीड मीटर सोडायला जागा नसेल तर मागे थांबायचं, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

सायकल ट्रॅकबद्दल फार लिहीत नाही, त्यावर आपल्या पत्रव्यवहारात पुष्कळ येऊन गेलंय. २००६ मध्ये पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, आली तेव्हा तिच्याबरोबर ट्रॅकही आखले होते, आणि २०१७ मध्ये महापालिकेने ८२४ किलोमीटरच्या जाळ्याचा सायकल आराखडा मंजूर केला. माझ्या गिऱ्हाइकांपैकी कुणी कामाला जाताना सलग ट्रॅकवरून जातो असं मी ऐकलेलं नाही.

सायकलवाल्यांनाही मी बोलतो. ब्रेकची रबरं झिजून लोखंड दिसायला लागलं तरी बदलत नाहीत, उलट्या दिशेने येतात, रात्री दिव्याशिवाय निघतात. नव्या सायकलींना रिफ्लेक्टर सक्तीचे झाले ते चांगलं झालं, पण माझ्याकडे येणाऱ्या सायकली जुन्या, हात बदलत आलेल्या. मागचा लाल रिफ्लेक्टर नसेल तर मी तो लावल्याशिवाय सायकल देत नाही, पैसे नसतील तर तसाच लावतो. पण सगळं नीट केलेल्या माणसालाही मागून धडक बसते. २८ फेब्रुवारी २०२४ ला नवी मुंबईत, नेरुळजवळ पाम बीच रस्त्यावर, इंटेल कंपनीचे भारतातले माजी प्रमुख अवतार सैनी पहाटे सायकल चालवताना कॅबच्या धडकेने गेले. ते अनुभवी सायकलस्वार होते, रस्ता रुंद होता. ते मोठे होते म्हणून देशाला कळलं. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात सायकलवाले साडेचार हजारांच्या वर. त्यांतल्या किती जणांची बातमी आपण वाचली?

ही मेलेल्यांची गणती झाली. वाकलेल्या चिमट्यांची गणती कुणीच करत नाही, म्हणून मी एक वही घातली आहे. मार खाल्लेली सायकल आली की लिहून ठेवतो: तारीख, वेळ, जागा, मार समोरून की मागून की बाजूने, गाडी कोणती, थांबली का, दवाखान्यात कुणी नेलं का. मागच्या पानांवर हुकलेल्या धडका, त्यात फक्त वेळ आणि जागा. माणसाचं नाव लिहीत नाही, म्हणजे कुणी सांगायला घाबरत नाही. वॉचमनकाकांच्या वेळी मी शेजारच्या एका चौकीत विचारायला गेलो होतो, तेव्हा ‘फार लागलं नाही ना? मग कशाला वाढवता?’ असं उत्तर मिळालं. त्या हवालदाराच्या समोर माणूस नव्हता, गाडीचा नंबर नव्हता, तो तरी काय लिहिणार? पण वहीत चार महिन्यांत एकाच वळणाचं नाव पुन्हा पुन्हा आलं तर तिथे उत्तर द्यावं लागेल.

मुंढवा, वैदूवाडी आणि सासवड रस्त्यावरच्या काही दुकानदारांशी बोललो, त्यांनीही वही घालायचं कबूल केलंय. पुण्यात गल्लोगल्ली सायकलची दुकानं आहेत. कोथरूड, येरवडा, पिंपरी, भोसरी इथल्या कारागिरांनी मनावर घेतलं तर शहराचा असा नकाशा तयार होईल जो आज कुणाकडेच नाही. दिवाळीनंतर आम्ही या वह्या घेऊन वाहतूक शाखेत आणि क्षेत्रीय कार्यालयात जाणार आहोत. पहिली मागणी एवढीच असेल की सायकलवाला सांगायला आला, लागलेलं असो वा नसो, तर त्याची दोन ओळींची नोंद घ्यावी आणि त्याला तिची प्रत द्यावी.

आपल्या बातमीदाराला वही बघायची असेल तर दुकान सकाळी नऊ ते रात्री आठ उघडं असतं. गुरुवारी बंद असतं.

आपला,
एक सायकल कारागीर
हडपसर, पुणे

(गिऱ्हाइकं ओळखली जाऊ नयेत म्हणून नाव छापू नये ही विनंती.)